आईच्या भूमिका आणि दुर्गा खोटे : एका अभिनेत्रीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या अभिनेत्रीचे वय छत्तीस आहे. प्रायोगिक नाटकांतून त्या मालिकांकडे आल्या, काही काळ नायिकेच्या मोठ्या बहिणीची कामे केली आणि आता त्यांना येणारा प्रत्येक फोन आईच्या किंवा सासूच्या भूमिकेसाठी असतो. सध्या हातात असलेल्या प्रस्तावात तर ज्याची आई व्हायचे तो नट त्यांच्यापेक्षा जेमतेम सात वर्षांनी लहान आहे. त्यांचे म्हणणे असे की, दुर्गा खोटे यांच्यासारखी अभिनेत्रीसुद्धा उत्तरायुष्यात आईच साकारत राहिली, तेव्हा हा सापळा अटळच मानायचा का. आणि त्यांच्या कारकिर्दीतून आज काम करणाऱ्या बाईने घेण्यासारखे नेमके काय आहे?

मी रंगभूमीवर आणि कॅमेऱ्यासमोर काम केले आहे आणि आता मुख्यतः अभिनय शिकवते. दुर्गाबाईंचे काम मी वर्गात वारंवार दाखवते, आणि दर वेळी असे आढळते की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई किंवा सत्तरच्या दशकातली पांढऱ्या साडीतली आजी तेवढी असते. आपल्या प्रश्नातही तोच समज आहे: आधी नायिका, मग वय झाल्यावर आई. दुर्गाबाईंच्या बाबतीत हा क्रम खरा नाही. त्या बोलपटात आल्या त्याच मुळी आई म्हणून.

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गाबाई. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. तारामती ही राणी आहे, पत्नी आहे. पण कथेचा सगळा भार ज्या प्रसंगावर येऊन पडतो त्या स्मशानातल्या प्रसंगात ती मेलेल्या मुलाची आई आहे. एकोणीस वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, फाळक्यांच्या मूकपटात हीच तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण त्या कामाला बाई मिळाली नव्हती. त्या पार्श्वभूमीवर गिरगावातल्या कांदेवाडीच्या लाडांची, कॉलेजात शिकलेली, इंग्रजी उत्तम बोलणारी मुलगी तारामती होऊन पडद्यावर आली, आणि बोललीही, गायलीही.

इथे 'घरंदाज घराण्यातली पहिली अभिनेत्री' हे त्यांना नेहमी लावले जाणारे विशेषण येते. ते मला कधीच फारसे रुचलेले नाही. १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) या मायलेकी काम करून गेल्या होत्या, आणि त्यांच्या कष्टांना कमी लेखून कोणाचा मोठेपणा सिद्ध करण्याचे कारण नाही. दुर्गा खोटे यांच्या येण्याने सुशिक्षित मध्यमवर्गाचा सिनेमाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलू लागला, हे मात्र खरे. आणि त्यासाठी किंमत त्यांनाच मोजावी लागली. सासरची श्रीमंती ओसरल्यावर दोन मुलगे वाढवायचे म्हणून त्यांनी आधी शिकवण्या केल्या होत्या. १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी एक छोटेसे काम पैशांसाठी स्वीकारले. चित्रपट पडला, आणि अब्रूदार घरातली सून असल्या चित्रपटात दिसली म्हणून जो बभ्रा व्हायचा तो झाला. इतके झाल्यावर कोणीही पुन्हा त्या वाटेला गेले नसते. त्या प्रभातच्या बोलावण्यावर पुन्हा उभ्या राहिल्या. हौस हा त्यांच्या कारकिर्दीचा पाया नव्हता. कमावणे ही गरज होती, आणि अभिनय हा व्यवसाय म्हणून, म्हणजे हिशेबाने, तारखांनी, अटींनी करायचा असतो ही समज त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. त्यांच्या पुढच्या सगळ्या निर्णयांची किल्ली मला या समजेत दिसते.

आता कामाबद्दल. १९३२ मध्ये पार्श्वगायन नव्हते; ती पद्धत आपल्याकडे १९३५ च्या सुमारास आली आणि त्यानंतर हळूहळू रुळली. म्हणजे नटाने चित्रीकरणाच्या वेळीच गायचे, वादकांनी चौकटीबाहेर कुठेतरी दडून साथ करायची, आणि माइक जिथे असेल त्या बेताने मान वळवायची. हालचालीवर अशी बंधने असताना त्या काळातले पुष्कळ नट एक तर पुतळ्यासारखे उभे राहतात, किंवा संगीत नाटकातले हातवारे जसेच्या तसे आणतात. दुर्गाबाईंचे तसे होत नाही, कारण त्यांच्यावर संगीत नाटकाचे संस्कार व्यावसायिक नटाला होतात तसे झालेलेच नव्हते. त्यांनी आपल्याकडे जे होते ते वापरले: ताठ कणा, स्वच्छ उच्चार, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे खरोखर पाहण्याची सवय. या तीन गोष्टी पुढे पन्नास वर्षे त्यांना पुरल्या. ताठ कण्याबद्दल थोडे अधिक सांगते, कारण त्याला 'राजस व्यक्तिमत्त्व' म्हणून सोडून दिले जाते. राणीचे सौंदर्य कॅमेरा आणि दागिने दाखवतात. राणीचे पद नटीला दाखवावे लागते, आणि तेही तिच्या अंगावर फाटके वस्त्र असताना. तारामती बाजारात विकली जाते तेव्हा तिच्याजवळ राणीपणाची एकही खूण नसते, फक्त तिची चाल उरते.

स्मशानातल्या प्रसंगाचा मी वर्गात सराव करून घेते. मूळ कथेतली परिस्थिती एवढीच द्यायची: डोंबाचा चाकर झालेला हरिश्चंद्र दहनाचे शुल्क मागतो आहे, तारामतीजवळ अंगावरच्या वस्त्राखेरीज काहीही नाही, आणि मांडीवर मुलाचे प्रेत आहे. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थिनी पहिल्या वाक्यालाच रडू लागते. पहिल्या वाक्याला रडले की पुढच्या पाच मिनिटांत कुठे जायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि मग हुंदके, मग किंचाळणे, मग बसलेला घसा. यावर मी त्यांना सांगते की रडण्याचा विचार सोडा, घासाघीस करा. तुमच्याजवळ पैसे नाहीत आणि समोरचा माणूस कायद्यावर बोट ठेवून उभा आहे, तर त्याला पटवण्यासाठी तुम्ही आधी काय म्हणाल, ते फसल्यावर काय, आणि शेवटी काय काढून द्याल? घासाघीस सुरू झाली की दुःख न बोलावता येते, आणि येते ते प्रेक्षकाला. दुर्गाबाईंच्या बहुतेक मोठ्या भूमिकांत हा गुण आहे. त्यांची पात्रे भावना दाखवण्यासाठी उभी नसतात. त्यांना समोरच्याकडून काहीतरी हवे असते.

प्रभातमध्ये लगेच पुढचा चित्रपट आला 'माया मच्छिंद्र', त्यात त्या स्त्रीराज्याच्या राणी, सोबतीला पाळीव चित्ता. पण माझ्या मते खरे महत्त्वाचे पाऊल त्यानंतरचे आहे. त्या काळात नटमंडळी स्टुडिओची पगारी माणसे असत. महिन्याचा पगार, कंपनीची शिस्त, आणि बाहेर काम करण्याची मुभा सहसा नसे. दुर्गाबाई मात्र प्रभातमध्ये नाव झाल्यावर कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांचा 'राजरानी मीरा' केला, आणि १९३४ मध्ये त्याच दिग्दर्शकाचा, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' केला, ज्यात पृथ्वीराज कपूर राम होते आणि जो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग १९३६ मध्ये त्या पुन्हा प्रभातमध्ये, आता पुण्याच्या स्टुडिओत, दिसतात. एका कंपनीची माणूस न होता चित्रपटागणिक करार करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते ती यामुळे. आज प्रत्येक जण 'फ्रीलान्स' असल्यामुळे यात विशेष काय, असे वाटेल. परंतु आजची एक्स्क्लुसिव्ह करारपत्रे नीट वाचलीत तर त्यांत जुना स्टुडिओच नव्या नावाने बसलेला आढळेल, फक्त महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार त्यातून गेला आहे आणि त्याच्या जागी नव्वद दिवसांनी येणारे मानधन आले आहे.

१९३६ चा तो चित्रपट म्हणजे 'अमरज्योती', आणि आपल्या प्रश्नाला धरून पाहायचा तर हाच सर्वांत आधी पाहावा. सौदामिनी ही समुद्रावर दरोडे घालणारी, चाच्यांची नायिका आहे. ती तशी का झाली? कारण राज्याच्या कायद्याने तिला तिच्या मुलाचा ताबा नाकारला. बाई ही नवऱ्याची दासी, मुलावर तिचा हक्क कसला, असा न्याय तिला मिळाला. तो न्याय करणाऱ्या दुर्जयाला (चंद्रमोहन, ते प्रसिद्ध डोळे) ती पुढे जहाजावर पकडते. म्हणजे पाहा, चित्रपटातली सर्वांत जहाल, तलवार चालवणारी, पुरुषांच्या तांड्यावर हुकूम करणारी व्यक्तिरेखा ही आईच आहे, आणि तिची सगळी आग मातृत्वातूनच आलेली आहे. चित्रपटात तरुण राजकन्येची भूमिका शांता आपटे यांची. त्यांच्या वाट्याला प्रेम आणि गाणी. दुर्गाबाईंच्या वाट्याला वाद, सूड आणि विचार. मी विद्यार्थिनींना विचारते की यांतली कुठली भूमिका तुम्हाला हवी? उत्तर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ लागावा अशीच माझी इच्छा असते.

आता आपल्या वयाचा मुद्दा. १९४१ मध्ये आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'त दुर्गाबाईंनी सासू केली. जन्म जानेवारी १९०५ चा, म्हणजे तेव्हा त्या बरोबर छत्तीस वर्षांच्या होत्या, आणि सून होत्या वनमाला. सुनेला छळणारी ती सासू गाजली. दुसऱ्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या: पुन्हा आई, पुन्हा लोकांच्या शिव्या खाणारी. रूढ समजानुसार इथे नायिका म्हणून त्यांचे दार बंद व्हायला हवे होते. झाले असे की १९४३ मध्ये सोहराब मोदींनी त्यांना 'पृथ्वीवल्लभ'मध्ये घेतले. ही मृणालवती म्हणजे विरागाचा अहंकार बाळगणारी, कैद केलेल्या मुंज राजाला वाकवू पाहणारी आणि त्याच्याच प्रेमात पडणारी करारी स्त्री. सबंध चित्रपट म्हणजे मोदी आणि दुर्गाबाई यांची शाब्दिक चकमक आहे. मोदी पारशी रंगभूमीच्या मुशीतले, एकेक वाक्य तोफेसारखे. त्यांच्यासमोर टिकायचे तर हिंदी-उर्दू संवादांवर पक्की पकड हवी, आणि ती मराठी नटीकडे आपोआप येत नाही. सासू, कैकेयी आणि मृणालवती या तीन भूमिका लागोपाठच्या तीन वर्षांतल्या आहेत. सासू केल्यावर परत फिरता येत नाही, हा नियम निदान त्यांनी तरी पाळलेला नाही.

हे त्यांना का जमले, यावर माझे मत असे. दुर्गाबाईंनी या बायका वयाने मोठ्या दाखवल्या नाहीत. अधिकाराने मोठ्या दाखवल्या. आपल्या मालिकांतून छत्तिशीच्या नटीला आई करायचे म्हटले की केसांवर रुपेरी पट्टा, चष्मा, थोडा वाकलेला खांदा आणि प्रत्येक वाक्यात 'बाळा' येते. हे वयाचे नाटक आहे आणि ते नटीला खरोखरच म्हातारे करून सोडते, कारण पुढचा निर्माता तिला त्याच रूपात पाहतो. सासूकडे घराच्या किल्ल्या आहेत, कैकेयीकडे दोन वर आहेत, सौदामिनीकडे जहाज आहे. किल्ल्या, वर, जहाज यांवर लक्ष ठेवून काम केले तर वय आपोआप पडद्यामागे जाते, आणि पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ती बाईची हुकमत. हुकमत असलेल्या बाईला पुढे प्रेमाची भूमिका देताना कोणालाही अवघड वाटत नाही.

चाळिशीनंतर चित्रपटांत भूमिका बारीक होऊ लागल्या तेव्हा त्यांनी आपला जोर रंगभूमीवर टाकला. त्यांच्या सर्जनशील आयुष्याचा हा भाग पडद्यावर नसल्यामुळे विसरला जातो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई केली, नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर. १९५४ मध्ये शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चे 'राजमुकुट' हे रूपांतर केले, त्यातली लेडी मॅकबेथही दुर्गाबाईंची आणि समोर पुन्हा नानासाहेब. आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ या दोघीही सत्तेसाठी नवऱ्याला पुढे रेटणाऱ्या स्त्रिया. चित्रपटवाल्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या नटीला असे काही देऊ केले नसते. 'इप्टा' (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंस्थेशीही त्यांचे नाते होते. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो याच कालखंडाच्या अखेरीस. माइकच्या धाकात वाढलेली नटी पन्नाशीत थेट रंगमंचावर इतके तगडे काम करते, म्हणजे आवाजाची आणि श्वासाची किती मेहनत घेतली असेल याचा अंदाज ज्यांनी तीन अंकी नाटक ओढून नेले आहे त्यांनाच येईल. आपणही नाटकातून आलेल्या आहात. मालिकेच्या तारखांमुळे नाटक सुटते ही तक्रार मी रोज ऐकते, आणि ती खरीही आहे. तरीपण सुटू द्यायचे नसेल तर ते करारातच लिहून घ्यावे लागते.

'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला १९६० मध्ये, तेव्हा दुर्गाबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या. 'सीता'मधले राम पृथ्वीराज आता अकबर, आणि त्या जोधाबाई. मध्ये सव्वीस वर्षे गेलेली. हा चित्रपट पाहताना सगळ्यांचे लक्ष दिलीपकुमार, मधुबाला आणि पृथ्वीराज यांच्यावर असते, आणि ते साहजिक आहे. आपण एकदा फक्त जोधाबाईसाठी तो पाहावा. पृथ्वीराज यांचा आवाज सेट हादरवणारा. आवाजाने त्यांच्याशी स्पर्धा करण्याच्या फंदात दुर्गाबाई पडत नाहीत. त्या ऐकतात. बादशहाचे प्रत्येक वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर आधी पत्नी म्हणून आणि मग आई म्हणून उमटते, या दोन्हींमध्ये क्षणभराचे अंतर असते, आणि त्या अंतरातच त्यांची सगळी भूमिका आहे. बाप आणि मुलगा एकमेकांविरुद्ध युद्धाला उभे राहतात तेव्हा पती की पुत्र असा पेच त्यांच्यावर येतो. भव्य संवादांच्या या चित्रपटात पेच समजतो तो त्यांच्या गप्प राहण्यातून. जन्माष्टमीच्या उत्सवाचा प्रसंगही याच नजरेने पाहा: दरबारात नृत्य चालले आहे, पाहणाऱ्यांत बादशहा आहे, राजपुत्र आहे, आणि आपल्या माहेरचा सण मोगल महालात साजरा करणारी ही राजपूत राणी आहे. तिला तिथे संवाद जवळजवळ नाहीत, तरी यजमानीण कोण आहे याबद्दल शंका राहत नाही.

या कामाबद्दल त्यांना 'आदर्श माता' वगैरे म्हटले गेले आणि मग तशाच भूमिकांची रांग लागली. इथे मी आपल्याशी अर्धी सहमत आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या त्यांच्या कित्येक भूमिका निव्वळ सराईतपणे केलेल्या आहेत. आशीर्वाद द्यायचा, आजारी पडायचे, मुलाचे लग्न ठरवायचे. ती कामे चांगल्या रीतीने केलेली आहेत, पण त्यांत दुर्गाबाईंची गरज होती असे म्हणवत नाही. त्यांतून वेगळ्या काढाव्यात अशा भूमिका मला तीन-चार दिसतात. १९६३ चा 'द हाउसहोल्डर', निर्माते इस्माईल मर्चंट आणि दिग्दर्शक जेम्स आयव्हरी या जोडीचा पहिला चित्रपट: त्यात नवविवाहित मुलाच्या संसारात येऊन राहणारी, लाडाच्या नावाखाली सुनेला टोचणारी आई त्यांनी जी केली आहे, ती 'पायाची दासी'तल्या सासूची शहरी, विनोदी नात म्हणावी अशी आहे. 'बिदाई'साठी त्यांना फिल्मफेअरचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्यातली विनोदाची जाण त्यात पुष्कळांना प्रथमच कळली. आणि १९७३ च्या 'बॉबी'तल्या मिसेस ब्रगांझा. कोळ्याची आई, गोव्याकडची ख्रिस्ती म्हातारी, श्रीमंत घरात एके काळी मूल सांभाळलेली. आयुष्यभर राण्या केलेल्या नटीने पगारी दाईची भूमिका करताना जो स्वाभिमान आणला आहे तो राणीचा नाही. कष्ट करून खाल्लेल्या माणसाचा आहे. ज्या मुलाला वाढवले त्याच्याच घरच्या मेजवानीत तिला मान मिळत नाही, आणि ती तक्रारही करत नाही. पाच-सात मिनिटांच्या कामात माणूस कसा उभा करावा हे तिथे पाहावे.

आपण विचारलेल्या 'सापळ्या'चे उत्तर मात्र या भूमिकांत सापडणार नाही. ते त्या भूमिकांच्या शेजारी चाललेल्या दुसऱ्या कामात आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'साथी'च्या निमित्ताने त्या निर्मितीत उतरल्या होत्या. पुढे त्यांनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट करणारी स्वतःची संस्था उभी केली आणि ती वर्षानुवर्षे चालवली. हे काम झगमगाटाचे नव्हे: ग्राहकाशी वाटाघाटी, अंदाजपत्रक, लॅबची बिले, तंत्रज्ञांचे पगार. पण यामुळे नटी म्हणून येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला होकार देण्याची सक्ती उरली नाही, आणि माध्यम बदलले तेव्हा त्या मागे पडल्या नाहीत. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला मध्यमवर्गीय माणूस, दिग्दर्शन कुंदन शाह यांचे. मूकपटाच्या शेवटच्या दिवसांत पहिले काम केलेल्या बाईच्या नावाची संस्था टीव्हीवरच्या सर्वांत आवडत्या मालिकांपैकी एक देते, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्याआधी १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला होता. पद्मश्री १९६८ मध्येच झाली होती. पुरस्कारांबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे मला काही वाटत नाही. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मकथन १९८२ मध्ये आले. ते आपण वाचलेच असेल. नसेल तर अभिनयावरचे पुस्तक म्हणून नव्हे, तर मिळकतीवरचे पुस्तक म्हणून वाचा. एक बाई पैसे कशी मिळवते, ते कसे जातात, घरातल्या माणसांची दुखणी आणि मृत्यू सोसत दुसऱ्या दिवशी सेटवर कशी उभी राहते, हे त्यात कुठेही स्वतःला गोंजारून न घेता लिहिलेले आहे. तरुण वयात गेलेला मुलगा हरीन, त्याची पत्नी म्हणजे पुढे विजया मेहता या नावाने मराठी रंगभूमीला वळण देणारी दिग्दर्शिका: एका घरातल्या या दोन स्त्रियांनी मिळून आपल्या अभिनयपरंपरेचा केवढा पल्ला व्यापला आहे, यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

आता आपल्या हातातल्या प्रस्तावाबद्दल. तो स्वीकारावा असे माझे मत आहे, पण होकार देण्यापूर्वी लेखकाला भेटून तीन गोष्टी विचारा: या आईला स्वतःचे असे काय हवे आहे, तिच्या हातात कोणता अधिकार आहे, आणि पहिल्या पन्नास भागांत ती कुठला तरी निर्णय घेते का. तिन्हींची उत्तरे 'मुलाचे सुख' अशीच आली तर ती भूमिका अजून लिहिलेलीच नाही असे समजा. मग लेखकाशी बसून तिला एखादा व्यवसाय, एखादे जुने भांडण, एखादी जमीन मिळवून द्या. सुरुवातीला असे बदल लेखकही आनंदाने करतात, कारण त्यांनाही ट्रॅक, म्हणजे उपकथानके, हवीच असतात. शंभराव्या भागानंतर मात्र कोणाला वेळ नसतो. लूक टेस्टच्या, म्हणजे वेशभूषा-रंगभूषा ठरवण्याच्या, दिवशी रुपेरी पट्ट्याला ठाम नकार द्या आणि त्याऐवजी साड्यांवर वाद घाला, कारण साडी कशी नेसली आहे यावर आपला कणा कसा राहील हे ठरते. आणि करारपत्रात महिन्यातून ठराविक दिवस नाटकाच्या प्रयोगांसाठी मोकळे राहतील हे कलम मागा. निर्मितिसंस्था पहिल्यांदा नाही म्हणेल. प्रायोगिक संस्थेच्या प्रयोगांच्या तारखा आधीच ठरलेल्या असल्या आणि त्या कागदावर दाखवता आल्या, तर बहुतेक वेळा महिन्याचे चार दिवस तरी मिळतात. म्हणून मालिकेच्या बैठकीला जाण्याआधी नाटकवाल्यांना फोन करा.